नॉटिंगहॅमच्या टेकडीवरचा वाडा



चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा त्यांच्या मनात मजुरीवाढ, बोनस किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखादा विषय असावा. ते विषय आम्ही वर्षभर कारखान्यांच्या दारात आणि चौकाचौकांत बोलतच असतो. इथे बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी ते ऐकून ऐकून कंटाळली असतील. तेव्हा आज एका संग्रहालयाची हकीकत सांगावी असे ठरविले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते मागावर रात्रपाळ्या करताना आणि गावच्या वाचनालयात. इतिहास-संशोधकाच्या तोलाने आम्हांला बोलता येणार नाही. मागवाल्याच्या नजरेला जे दिसले आणि मागाहून जे वाचले, तेवढे सांगतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही इंग्लंडात नॉटिंगहॅम या शहरी तीन आठवडे होतो. आमची पुतणी तिथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. तिने विमानाचे तिकीट काढून धाडले म्हणून जाणे घडले. युनियनच्या तिजोरीतून गेलो असतो तर हुपरीपर्यंतच पोहोचलो असतो. ती पाळीवर गेली की आम्ही दिवसभर मोकळे. नॉटिंगहॅम म्हटले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना रॅले सायकल आठवेल. ती मूळ तिथली. बंगालात आसनसोलला सेन-रॅले या नावाने तिचा कारखाना निघाला होता आणि आमच्या वडिलांच्या पिढीत ती सायकल दारात असणे म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट होती. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात सायकली निघणे २००२ साली बंद झाले. त्या जमिनीच्या काही भागावर आता विद्यापीठ उभे आहे. पण गावाचा जुना धंदा सायकलींचा नव्हेच. तो मोज्यांचा आणि लेसचा. म्हणजे सुताचा आणि रेशमाचा, म्हणजे आपलाच.

गावाच्या ऐन मध्याला वालुकाश्माचा एक कडा आहे. उंची सुमारे १३० फूट. आमच्या पुतणीने मोठ्या कौतुकाने तो दाखविला तेव्हा आम्ही गप्प राहिलो. पन्हाळा चढणाऱ्या माणसापुढे ते वारूळच. पण सपाट मुलखात एवढी उंचीसुद्धा राज्य करायला पुरते. १०६८ साली विजेत्या विल्यमने या कड्यावर किल्ला बांधविला आणि पुढे सहा शतके इंग्लंडच्या राजकारणातले बरेच बरे-वाईट तिथे घडले. पायथ्याशी रॉबिन हूडचा ब्राँझचा पुतळा आहे, १९५२ साली बसविलेला. त्याच्या धनुष्यावरचा बाण लोक वारंवार पळवून नेतात. लुटारूलाच लुटणारे गाव!

वर जाणाऱ्या प्रत्येकाची पहिली निराशा ठरलेली असते. जुना दरवाजा ओलांडून आत गेले की बुरूज नाहीत, तट जेमतेम आहे, आणि माथ्यावर एक चौकोनी, सपाट माथ्याचा, इटालियन धाटणीचा वाडा उभा आहे. आमच्यापुढे एक लहान मुलगा आईला विचारीत होता की किल्ला कुठे आहे. प्रश्न अगदी योग्य होता. १६४२ सालच्या २२ ऑगस्टला राजा पहिला चार्ल्स याने याच टेकडीवर निशाण उभारून पार्लमेंटशी युद्ध पुकारले. युद्ध तो हरला, डोकेही गमावून बसला, आणि मग हा किल्ला पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नये म्हणून १६५१ साली तो पाडून टाकण्यात आला. पन्हाळ्याचा चार दरवाजा १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी याच विचाराने जमीनदोस्त केला. ही विद्या त्यांनी आधी आपल्याच घरी गिरविली होती. मोकळ्या झालेल्या माथ्यावर न्यूकॅसलच्या ड्यूकने १६७० नंतरच्या दशकात राहण्यासाठी वाडा बांधविला. आज दिसतो तो हाच. मात्र मधल्या काळात तो एकदा जळून कोळसा झाला होता आणि ती आग आमच्या आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे.

आग समजण्यासाठी आधी धंदा समजला पाहिजे. मोजे विणण्याचे हातयंत्र १५८९ साली विल्यम ली याने काढले. तो नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनचा. दोनशे वर्षांत त्या मुलखात घरोघर ती यंत्रे झाली. आता यातली व्यवस्था कशी होती ती ऐका, आणि ओळखीची वाटते का पाहा. यंत्र विणकराच्या घरात, पण मालकी दुसऱ्याची. सूत व्यापाऱ्याचे. माल नेऊन द्यायचा, मोजून घ्यायचा आणि ठरलेल्या दराने मजुरी आणायची. त्या मजुरीतून यंत्राचे भाडे कापले जाई. आठवडाभर काम मिळो वा न मिळो, भाडे चुकत नसे. व्यापारी आणि विणकर यांच्यामध्ये दलाल, तो आपला हिस्सा काढून घेई. काही ठिकाणी रोख पैशांऐवजी धान्य आणि कापड गळ्यात मारीत. आपले खर्चीवाले यंत्रमागधारक इथे बसले आहेत. व्यापाऱ्याचे सूत, व्यापाऱ्याचा दर, आणि पिकामागे मजुरी दोन पैसे वाढवून घ्यायची तर महिनोन् महिने खेटे. त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

१८११ साली युद्धामुळे परदेशचा व्यापार आखडला, धान्य महागले आणि मजुरी पडली. व्यापाऱ्यांनी एक नवी युक्ती काढली. रुंद यंत्रावर सलग कापड विणायचे, ते कापून शिवायचे आणि त्यालाच मोजे म्हणून विकायचे. माल स्वस्त, पण टाके उसवले की मोजा गेला. चांगला कारागीर बदनाम आणि त्याचा दर खाली. त्या वर्षीच्या मार्चपासून आसपासच्या खेड्यांत रात्री टोळ्या निघू लागल्या. नेड लड नावाच्या एका काल्पनिक सेनापतीच्या नावाने पत्रे येत आणि यंत्रे फुटत. म्हणून त्यांना लडाइट म्हणतात. सुमारे एक हजार यंत्रे त्या भागात फुटली.

आपल्याकडे कुणी नव्या मागाबद्दल शंका काढली की शिकलेली माणसे चटकन 'लडाइट' म्हणून त्याला मोडीत काढतात. यंत्राला घाबरणारा, अडाणी, काळाचे चाक उलटे फिरवू पाहणारा, असा त्या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. नॉटिंगहॅमची हकीकत तशी नाही. ज्या यंत्रावर हे लोक पोट भरीत होते ते दोनशे वर्षांचे जुने होते. त्याला ते घाबरणार कशाला? जो ठरल्याहून कमी दर देई, जो कापून शिवलेला हलका माल काढी, त्याची यंत्रे फोडीत. पुष्कळदा त्याच गल्लीत पुरा दर देणाऱ्याच्या यंत्राला हात लागत नसे. युनियन करणे त्या काळी कायद्याने गुन्हा होता, हे ध्यानात घ्या. चर्चेचे दार बंद असले की काय होते ते आम्ही आपल्या गावातही पाहिले आहे. आम्ही स्वतः यंत्र फोडण्याच्या बाजूचे नाही. फुटलेल्या मागावर दुसऱ्या दिवशी कुणालाच काम मिळत नाही. पण तो माणूस मूर्ख होता, हे मात्र आम्ही मान्य करणार नाही.

सरकारने १८१२ साली यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा केला. त्याच्याविरुद्ध उमरावांच्या सभेत २७ फेब्रुवारीला एक चोवीस वर्षांचा तरुण बोलला. ते त्या सभागृहातले त्याचे पहिलेच भाषण. तो कवी बायरन. त्याचा वाडा नॉटिंगहॅमजवळच होता आणि त्या विणकरांची दैना त्याने डोळ्यांनी पाहिली होती. कायदा व्हायचा तो झालाच.

बायरनचे नाव आपल्याकडे महाविद्यालयांत शिकवतात. आम्हांला त्या काळातला दुसरा एक माणूस अधिक जवळचा वाटतो. त्याचे नाव ग्रेव्हनर हेन्सन. हा मोज्यांच्या यंत्रावर काम केलेला माणूस, स्वतःच्या हिमतीवर वाचायला आणि कायदा समजून घ्यायला शिकलेला. यंत्रे फुटत असताना याने विणकरांची वर्गणी जमविली, सह्या गोळा केल्या आणि धंद्यातली लबाडी बंद करणारे विधेयक पार्लमेंटपर्यंत नेले. लोकप्रतिनिधींच्या सभेत ते मंजूर झाले. उमरावांच्या सभेने ते फेटाळले. विचार करा, हातात हातोडा घेतलेल्या माणसांना त्याने अर्ज-विनंतीच्या मार्गावर आणले आणि त्या मार्गाच्या टोकाला हा निकाल! १८१७ साली फाशीची शिक्षा झालेल्या काही लडाइटांच्या प्राणांसाठी रदबदली करायला तो लंडनला गेला, तर सरकारने त्यालाच धरून खटल्यावाचून काही महिने तुरुंगात ठेवले. युनियन करण्यावरची कायद्याची बंदी १८२४ साली उठली, त्या खटपटीतही तो होता. आपल्या धंद्याचा इतिहास त्याने लिहिला. त्याचा पहिला खंड १८३१ साली निघाला. विणकराने लिहिलेला विणकरांचा इतिहास! गेटवर पावत्या फाडणाऱ्या आम्हां लोकांना त्याचा हेवा वाटतो.

आणि त्याच १८३१ साली हा वाडा जळाला.

त्या वेळी इंग्लंडात मताधिकार मूठभरांना होता. मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या भरभराटलेल्या शहरांना स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता, आणि जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त अशा जागा दोन दोन प्रतिनिधी निवडून देत. हे बदलणारे सुधारणा-विधेयक पार्लमेंटात होते. वाड्याचा तेव्हाचा मालक, न्यूकॅसलचा चौथा ड्यूक, त्याचा कट्टर वैरी. निवडणुकीच्या काही जागा तर त्याच्या खिशातल्याच होत्या. नेवार्क गावात आपल्या उमेदवाराला मत न देणाऱ्या कुळांना त्याने १८२९ साली घराबाहेर काढले, आणि कुणी जाब विचारला तेव्हा आपल्या मालकीच्या वस्तूचे आपण हवे ते करू, असे त्याने जाहीर उत्तर दिले. हे उत्तर सगळ्या इंग्लंडभर गाजले. मालक-मजूर वाटाघाटींत आमची हयात गेली. हे वाक्य आम्ही मराठीत किती वेळा ऐकले आहे ते मोजलेले नाही.

१८३१ च्या ८ ऑक्टोबरला उमरावांच्या सभेने ते विधेयक १९९ विरुद्ध १५८ मतांनी फेटाळले. बातमी नॉटिंगहॅमला पोहोचली आणि गाव पेटले. सोमवारी, १० तारखेच्या संध्याकाळी, जमाव टेकडी चढला. ड्यूक तिथे नव्हता. तो बरीच वर्षे तिथे राहतच नव्हता. त्याचे बिऱ्हाड क्लंबर इथे, आणि तिथे त्याने तोफा रोखून ठेवल्या होत्या. लोकांनी रिकाम्या वाड्याची दारे फोडली, सामानाचा ढीग करून आग लावली. भिंतींवरचे विणलेले उंची पडदे फाडून त्यांचे तुकडे लोकांनी यार्डाच्या भावाने विकले असे सांगतात. रात्रभर ती टेकडी साऱ्या गावाला मशालीसारखी दिसत असली पाहिजे. वाड्याच्या दर्शनी बाजूवर घोड्यावर बसलेल्या पहिल्या ड्यूकचा पुतळा होता, तोही त्यांनी फोडला. त्याचे अवशेष आजही भिंतीत दिसतात. आम्ही त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिलो. पहारेकऱ्याला संशय आला असावा, कारण तो दोनदा जवळून फिरून गेला.

दुसऱ्या दिवशी जमावाने शेजारच्या बीस्टन गावची एक रेशीमगिरणी जाळली. त्या गिरणीच्या जळिताच्या आरोपावरून जॉर्ज बेक, जॉर्ज हर्सन आणि जॉन आर्मस्ट्राँग या तिघांना १ फेब्रुवारी १८३२ रोजी फाशी झाली. हजारो गावकऱ्यांनी माफीच्या अर्जावर सह्या केल्या, त्या वाया गेल्या. ड्यूकला वाड्याची नुकसानभरपाई म्हणून २१,००० पौंड मिळाले. ते सरकारने दिले नाहीत, त्या तालुक्यातल्या रहिवाशांवर कर बसवून वसूल केले. १९४२ साली आपल्या गावांवर सामुदायिक दंड बसले होते, तोच प्रकार. भरपाई घेऊन ड्यूकने वाडा दुरुस्त केला का? नाही. काळवंडलेल्या भिंती त्याने तशाच उभ्या ठेवल्या. गावाने रोज सकाळी उठून वर पाहावे आणि आपले कृत्य आठवावे, असा त्याचा मनोदय असावा. सुधारणा-कायदा पुढच्याच वर्षी, १८३२ साली, मंजूर झाला. पण त्यात मत मिळाले ते घरदार बाळगणाऱ्यांना. ज्यांनी आग लावली आणि जे फासावर गेले त्यांच्यासारख्यांना ते मिळण्यासाठी शहरांत १८६७ पर्यंत थांबावे लागले.

जवळजवळ अर्धे शतक ते जळके घर टेकडीवर उभे होते. मग १८७५ साली नगरपालिकेने ते ड्यूकच्या वारसांकडून भाडेपट्ट्याने घेतले, हाइन नावाच्या स्थपतीकडून आतून नवे बांधून घेतले आणि ३ जुलै १८७८ रोजी तिथे कलासंग्रहालय उघडले. लंडनबाहेर इंग्लंडात नगरपालिकेने काढलेल्या सुरुवातीच्या कलासंग्रहालयांपैकी ते एक. उद्घाटनाला युवराज आले होते. आजोबांनी जाळलेल्या घरात नातवंडे रविवारी चित्रे पाहायला जाऊ लागली.

नगरपालिकेला अशी बुद्धी का झाली, याचे उत्तर पुन्हा धंद्यात आहे. मोज्यांच्या यंत्रातून लेसची यंत्रे निघाली होती आणि नॉटिंगहॅमची लेस जगभर जात होती. पण नक्षीत फ्रेंच कारागीर वरचढ. तेव्हा आपल्या नक्षीकारांची आणि कारागिरांची नजर तयार व्हावी, त्यांना उत्तम नमुने समोर पाहता यावेत, हा संग्रहालयामागचा एक मोठा हेतू होता. यात मालकांचा स्वार्थ होता हे उघड आहे. तरी आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्या स्वार्थातून मजुराच्या मुलाला फुकटात जगातली उत्तम नक्षी दिसते, तो स्वार्थ आपल्या गावातल्या मालकांनाही कधीतरी सुचावा.

आत काय आहे ते सारे सांगत बसलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील. अलाबास्टर दगडात कोरलेल्या मध्ययुगीन मूर्ती आहेत. त्या काळी नॉटिंगहॅमच्या या मूर्ती युरोपभर जात. चित्रांची मोठी दालने आहेत. खडकाच्या पोटातून खाली उतरणारे एक भुयार आहे; १३३० साली तरुण राजा तिसरा एडवर्ड याच्या माणसांनी भुयारातून वर येऊन मॉर्टिमर नावाच्या कारभाऱ्याला पकडले, ते हेच असे सांगतात. मुलांना तेच सर्वांत आवडते.

लेसच्या दालनात आम्ही रेंगाळलो. कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक काम. आमची निम्मी हयात साध्या मागावर जाडेभरडे कापड काढण्यात गेली, तरी धागा कुठून कुठे गेला हे शोधायची खोड जात नाही. अशा नाजूक मालामागे कोण होते ते आम्ही वाचले होते. यंत्रावरून उतरलेल्या पट्ट्यांमधला जोडधागा ओढून काढायचा, कडा कातरायच्या, हे काम घरोघर बायका आणि मुले करीत. १८४३ सालच्या सरकारी चौकशीत पाच-सहा वर्षांची मुले रात्री उशिरापर्यंत या कामाला बसविल्याच्या नोंदी आहेत. जगातल्या बहुतेक संग्रहालयांत कापडाच्या तुकड्याखाली साल असते, गाव असते, फार तर कारखान्याचे नाव. विणणाऱ्याचे आणि धागा ओढणारीचे नाव नसते. कुणी ते कधी टिपूनच ठेवलेले नसते, तर संग्रहालय तरी लावणार कुठून?

पण आम्हांला खरे थक्क केले ते दुसऱ्या एका दालनाने. २०२१ साली मोठी दुरुस्ती होऊन वाडा पुन्हा उघडला तेव्हा तिथे बंडखोरीचे दालन नव्याने मांडले गेले. राजा विरुद्ध पार्लमेंट, मग लडाइट, मग १८३१ ची दंगल. म्हणजे ज्या घराला गावाने आग लावली त्याच घरात आगीची कथा मांडली आहे, आणि ती दोषारोपाच्या सुरात सांगितलेली नाही. लोक का चिडले, काय मागत होते, हे येणाऱ्याला समजते. शाळेच्या मुलांची एक रांग त्या वेळी आत होती. त्यांच्या बाई त्यांना विचारीत होत्या की तुम्ही त्या रात्री असता तर टेकडी चढला असता का? एकाने हो म्हटले, एकीने नाही म्हटले, आणि बाईंनी दोघांनाही कारण विचारले. आम्हांला आपल्या गावातल्या मुलांची आठवण झाली. त्यांना शिवरायांचे सगळे किल्ले पाठ आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. पण आपला आजोबा कोणत्या संपात किती दिवस उपाशी होता हे त्यांना ठाऊक नाही.

दमून आम्ही बाहेर गच्चीवर येऊन बसलो. तिथून दक्षिणेकडे ट्रेंट नदीच्या खोऱ्याचा मोठा देखावा दिसतो आणि दूरवर रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ धिप्पाड शीतक मनोरे. ते ब्रिटनमधले कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र. आम्ही पाहिले तेव्हा ते चालू होते. ३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झाले. बाकावर शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आम्ही युनियनचे काम करतो म्हटल्यावर त्यांनी आपण खाणीत तीस वर्षे काढली असे सांगितले. नॉटिंगहॅमच्या खाणींचे प्रकरण आमच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८४ च्या मार्चमध्ये, ब्रिटनचे खाणकामगार. त्या वेळी नॉटिंगहॅमशायरच्या बहुसंख्य कामगारांनी स्थानिक मतदानात संपाविरुद्ध कौल दिला आणि ते कामावर राहिले. देशभराचे मतदान घेतल्याशिवाय संप लादता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इतर जिल्ह्यांनी त्यांना संपफोडे ठरविले. १९८५ साली त्यांनी निराळी युनियन काढली. आपल्या खाणी तरी राहतील अशी त्यांची आशा होती. त्या राहिल्या नाहीत. जिल्ह्यातली शेवटची खाण, थोर्सबीची, २०१५ साली बंद झाली.

आमचे मत विचाराल तर संपाच्या वेळी कामावर राहणे आम्हांला पटत नाही, आणि मतदान टाळून संप पुकारणेही पटत नाही. पण हे सांगायला सोपे आहे. त्या गृहस्थांनी आपण त्या वर्षी संपात होतो की कामावर, हे सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. थोड्या वेळाने ते उठले, मनोऱ्यांकडे एकदा पाहिले आणि काठी टेकीत उतारावरून गेले.

आता या संग्रहालयावर स्वतःवर काय गुदरले तेही ऐका, कारण परदेशात सगळे सोन्याचे आहे असा कुणाचा समज नको. २०२१ च्या दुरुस्तीला सुमारे तीन कोटी पौंड लागले होते, आणि संग्रहालय चालवायला एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे दिले होते. दीड वर्षात, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, ती संस्था दिवाळ्यात निघाली. दारे बंद झाली आणि तिथे कामाला असलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या. बंडखोरीच्या दालनाची राखण करणारे नोकर एका दिवसात बेकार. १८११ च्या विणकराला हे पाहून मुळीच नवल वाटले नसते. पुढे २०२३ च्या जूनमध्ये नगरपालिकेने ते आपल्या हाती घेऊन पुन्हा उघडले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या नगरपालिकेलाच जाहीर करावे लागले की आपला जमाखर्च जुळत नाही. तरी तिने टेकडीवरचे दार लावून घेतले नाही. आम्ही गेलो तेव्हा ते उघडे होते.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. हे आपल्या गावातले पोरही सांगेल. त्यानंतर सव्वाशे वर्षे होत आली. आज शटललेस माग येत आहेत आणि साधे माग भंगारात चालले आहेत. किलोच्या भावाने. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून एका सकाळी ट्रकभर बीड गेले. मागाच्या बाजूपट्ट्यांवरची अक्षरे अजून वाचता येत होती. नवा माग येऊ नये असे आम्ही म्हणत नाही. त्यावर चार माणसांचे काम एक करतो, त्या तिघांचे काय, हा प्रश्न निराळा आणि तो आम्ही निराळ्या सभेत विचारतोच. पण आणखी दहा वर्षांनी साधा माग कसा खडखडत होता, कांडी कशी भरत, धोटा उडून डोळ्याला लागला तर काय होई, हे दाखवायला गावात एकही माग उरणार नाही. आपल्याकडे टेकडी नाही आणि ड्यूकचा वाडाही नाही. पण २०२२ पासून आपलीही महापालिका झाली आहे, आणि बंद पडलेली शेड तर प्रत्येक गल्लीत आहे. नगरसेवक मंडळींपैकी काही इथे पुढच्या रांगेत आहेत म्हणून हे बोललो.

मुंबईतही काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायचे महापालिकेने ठरविले, त्याला बरीच वर्षे झाली. ठरावाला लागलेली वर्षे मोजायची सवय आम्हांला आहे. म्हणून तेवढ्यावर विसंबून न राहता आम्ही एक काम हाती घेतले आहे. युनियनच्या कचेरीत दोन लोखंडी पेट्या आहेत. त्यांत मजुरी-करारांच्या प्रती आहेत, संपाची जुनी हस्तपत्रके आहेत, वर्गणीची पुस्तके आहेत, आणि एका कांडीवालीची वही आहे; तिला अक्षर येत नव्हते, म्हणून दररोजच्या कांड्यांच्या तिने उभ्या रेघा ओढल्या आहेत, अकरा वर्षांच्या. वाळवी लागली होती, ती उन्हात घालून झटकली आहे. कचेरी दर रविवारी सकाळी दहा ते बारा उघडी असते. ज्यांच्या घरी जुने मजुरीचे चोपडे, हजेरीची कार्डे, मोर्चाचे फोटो असतील त्यांनी रद्दीवाल्याच्या आधी आमच्याकडे यावे. धोटे आणि फण्याही घेऊ. फक्त तो धोटा कुणाच्या हातचा, हे नाव तेवढे चिठ्ठीवर लिहून त्याला बांधून आणावे.